उजवा गाल

सकाळी नऊला टपालाची थैली घेऊन मी उत्तरेला निघते,
ऊन उजव्या गालावर.
दुपारी अडीचला दक्षिणेला परत,
ऊन पुन्हा उजव्याच गालावर.
एकोणीस वर्षं, एकच रस्ता.
डाव्या गालाला अजून वाटतं, मी चोवीसची आहे.

मोर्शीला, मेडिकलच्या माडीवर,
अमरावतीची डॉक्टर एक बुधवार सोडून येते.
बाकावर मी, हळदीला आठ दिवस उरलेली एक पोरगी,
आणि दुपट्ट्यात मुरूम झाकून आलेला
पोलीसभरतीचा एक पोरगा.
कोणी कोणाकडे बघत नाही.
सगळे कोपऱ्यातल्या वजनकाट्याकडे बघतो.

‘कुंदा तायडे?’
तिने दिवा जवळ आणला.
‘वांग आहे. खोलवर आहे.’
सासू म्हणायची, सुमेधच्या वेळचं हाय,
दूध तुटलं की जाईन.
सुमेध आता बारावीला.

कागदावर तिने दोन रेघा मारल्या.
एकीखाली सहा टिंबं:
सहा वेळा मशीन, दर वेळेचे अडीच हजार, काढून टाकायचं.
दुसरीखाली टिंबं नव्हती.
नुसता एक बाण, कागदाच्या कडेपर्यंत गेलेला:
क्रीम, टोपी, दोन महिन्यांतून एकदा हलका हात.
‘हे संपते कधी?’
‘ही रेघ संपत नाही, ताई.’
‘आन मशीनवाली?’
‘ती संपते. पण तुमचा रस्ता परत घालील.
रस्त्यावर चालेल असं माझ्याकडे काही नाही.’

बाबांच्या संत्र्याला डिंक्या लागला की
ते चाकूने साल खरवडत,
खालचं निरोगी लाकूड दिसेपर्यंत.
झाड काही बोलत नसे, पण मी तोंड फिरवायची.
आणि दर वर्षी, रोग असो नसो,
पावसाच्या आधी एकदा, नंतर एकदा,
बादलीभर बोर्डो अन् झिजका कुंचला,
साऱ्या बागेला पांढरे पायमोजे.
‘काहून लावता बाबा? याले तं काहीच झालं नाही.’
‘म्हणूनच तं.’

शेजारीण म्हणाली, ‘मायवो, पंधरा हजार!
या वयात कोणाले दाखवून राहिली?’
खरंच, कोणाला?
लोक माझ्या हाताकडे बघतात,
मनीऑर्डर असली तर आणखी निरखून.
तोंडाकडे बघितलं फक्त दुसऱ्या गावच्या
पहिलीतल्या एका पोरीनं:
‘पोस्टवाली, तुले मिशी आली काय वं?’
मी हसले. थैलीचा पट्टा उगाच आवळला.
तिसऱ्या गावापर्यंत
वरचा ओठ आत ओढून गाडी चालवली.

पुढच्या खेपेला सांगितलं,
‘ओठावरचं काढा. गालाचं राहू द्या.’
‘दोन्ही एकदम केलं तर सूट आहे.’
‘गालाचं मी बघतो न, मॅडम.’
ती थांबली. मग त्या दोन रेघांच्या मधून
एक वाकडी रेघ काढली, आणि तिच्याखाली दोनच टिंबं.

सुई नाही, काप नाही.
ताणलेलं रबर सुटून लागावं, तसं तटतट,
आणि ओठावर हिरवी मिरची चोळल्यागत आग.
काळपट कोंडा आला, आठवड्यात झडून गेला.
पहिलीतल्या पोरीनं यावेळी
माझ्या टोपीला नाव ठेवलं.

आता आठ पन्नासला शिक्क्याची तारीख बदलते,
चिमट्यानं, एक आकडा पुढे.
रद्दीवर ठोकून बघते, नीट उमटते का.
मग थैलीतली ट्यूब, दोन बोटं भरून,
गाडीच्या आरशात उजवा गाल.
वांग आहे तिथेच आहे, थोडं फिकं,
की मलाच तसं वाटतं.
बाबा फोनवर विचारतात,
‘लावला काय वं बोर्डो?’
‘लावला.’
बोटाला उरलेलं
डाव्या गालाला पुसते.
किक मारते.